सातजणींचं ‘समजलं’

बुधवार, १२ तारीख

चि. ठकूस,

आजीचे आशीर्वाद. मी ठीक. गुडघा दुखतो, म्हणजे अजून आपलाच आहे. आजोबा गच्चीवर टाकीचा नळ दुरुस्त करताहेत, म्हणजे संध्याकाळी प्लंबर बोलवावा लागेल. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षरही तिथेच राहिलं. तेव्हा सावकाश वाच.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तर ‘मी मजेत’ म्हणून ठेवून देतेस. मजेतलं माणूस इतक्या घाईनं फोन ठेवत नाही. म्हणून चिठ्ठी. ही मधेच तोडता येत नाही.

रविवारी तुझ्या विज्ञान संग्रहालयात जाऊन आले. तुला न सांगता, तिकीट काढून. तुझ्या नॅनोच्या दालनात दीड तास बाकावर बसले. लोक येतात, त्या मोठ्या फलकापुढे बुटाची नाडी बांधण्याइतका वेळ थांबतात आणि डायनासोरकडे जातात. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, “काय आहे गं हे?” ती म्हणाली, “काहीतरी बारीक आहे. चला, पंखा तिकडे आहे.”

बाटलीतलं ते लाल पाणी मला सरबत वाटलं. शेजारची मुलगी वाचत होती, तेव्हा कळलं की ते सोनं आहे, फार फार बारीक केलेलं. आणि ते पाणी न धरणारं कापड! एकतीस वर्षं मी लॉन्ड्रीत डाग काढले. ते बघून माझे हात शिवशिवले. तर ते काचेमागे, आणि वर पाटी, हात लावू नये. जेवायला बोलवायचं आणि ताट कपाटात ठेवायचं, हा कुठला न्याय?

एवढी अक्कल होती तर आधी का नाही बोललीस, असं विचारशील. विचारच.

तुझ्या आईनं मला सगळं सांगितलं. तुझ्या मॅडम म्हणतात, दालन बांधण्याआधी लोकांना काय कळतंय ते बघायला जे फॉर्म भरून घ्यायचे होते, ते तू घरी बसून स्वतःच भरलेस. सात फॉर्म, सातही एका अक्षरात. सगळीकडे ‘समजलं’वर खूण, आणि खाली एकच वाक्य, ‘सूक्ष्म जगाची उद्बोधक माहिती मिळाली.’ सोमवारी चौकशी. नोकरी जाईल म्हणतात. आणि तू तिथे तोंडात मिठाची गुळणी धरून बसली आहेस, आजीचं नाव येऊ नये म्हणून.

माझं नाव एवढं नाजूक नाही.

त्या फॉर्मच्या दिवशी इमारतीतल्या सहाजणींना घेऊन मी आले होते, ते तुझ्याच सांगण्यावरून. पण बसमध्ये त्यांना बजावलं होतं. “पोरीचं पहिलं मोठं काम आहे. विचारेल त्याला हो म्हणायचं. कुणी तोंड वाकडं केलंत तर उद्यापासून वाटी घेऊन माझ्या दारात यायचं नाही.” शिवणवाली म्हणाली, “आणि काहीच कळलं नाही तर?” मी म्हटलं, “तुला नवऱ्याचं तरी काय कळतं? चाळीस वर्षं हो म्हणतेसच ना?”

तू पुठ्ठ्यांवर चित्रं चिकटवून आम्हाला सगळं समजावलंस. मग तुझ्यासमोर आम्ही मोकळं लिहिणार नाही, म्हणून फॉर्म देऊन खोलीबाहेर गेलीस. तू शहाणपणानं बाहेर गेलीस आणि आत हा गोंधळ. दोघींचे चष्मे घरी, तिघींना लिहायचा कंटाळा. टपाल खात्यातून निवृत्त झालेली आपली तिसऱ्या मजल्यावरची, तिचं अक्षर मोत्यासारखं, तिनं सातही फॉर्म भरले. ‘उद्बोधक’ तिचाच. अर्थ तिलाही माहीत नव्हता, पण वजनदार वाटला.

मग तू आत येऊन माझ्यापाशी वाकलीस. “आजी, खरं सांग हं. कळलं?” मी म्हटलं, “कळलं की.”

ठकू, मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. केसाचा ऐंशी हजारावा भाग म्हणजे किती, हे मी कशाच्या आधारावर समजू? पण डॉक्टरला मी ‘कळलं’ म्हणते, बँकेत म्हणते, तुझ्या बापाच्या मास्तरांनाही म्हणायचे. कळलं म्हटलं की समोरचं माणूस तेच पुन्हा, हळू आवाजात, लहान पोराला सांगावं तसं सांगत बसत नाही. तो आवाज मी जन्मभर ऐकला आहे. तुझ्या तोंडून ऐकायचा नव्हता. एवढंच. त्यापायी तू आमच्या ‘समजलं’वर विसंबून अख्खं दालन बांधलंस.

ही चिठ्ठी सोमवारी मॅडमपुढे ठेव. तिसऱ्या मजल्यावरची खाली चार ओळी लिहून सही करते आहे. अक्षर जुळवून बघा म्हणावं. आणि साडेदहाला आम्ही सातजणी दारात असू. बसमध्ये मी तोंड उघडणार नाही, शिवणवालीला काय बोलायचं ते बोलू दे. ती फार बोलेल, तयारी ठेव.

त्यांचं झालं की मला ते लाल सोनं पहिल्यापासून सांग. हळू सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
काही न समजलेली
आजी