एक जूनची मुलं

शिरड शहापूर,
९ नोव्हेंबर २००५

प्रिय मिना,

दोन जीप बदलल्या की तुझं सासर येतं, तरी मास्तर पत्र का लिहून राहिला, असं तुला वाटेल. समोर आलो की मी भाषण करतो, हे तुझंच म्हणणं. ते खरं आहे. समोर एक माणूस असो की पाचशे, माझा आवाज चढतो, हात वर जातो, आणि सांगायचं ते बाजूला राहून भलतंच काहीतरी टाळ्या घेऊन जातं. कागद टाळ्या वाजवत नाही, म्हणून कागद घेतला.

परवा हिंगोलीच्या स्टँडवर तुझा भाऊ रणजीत भेटला. सोयाबीन विकायला आला होता. मतदार यादीची बातमी त्यानंच दिली. ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या तांड्यांतून यंदा त्रेसष्ट नवी नावं लागली, त्यांत चाळीस मुली आणि सुना, आणि एकही अर्ज परत आला नाही, हे ऐकून मी तिथंच त्याला चहा पाजला. तू दारोदार जाऊन प्रत्येकीकडून अर्ज तिच्याच हातानं भरून घेतलास म्हणे. जिला लिहिता येत नाही तिला निदान स्वतःचं नाव गिरवायला लावलंस. पण मग त्यानं दुसरीही गोष्ट सांगितली. ग्रामपंचायतीला तू उभी राहावीस असं तांडा म्हणतो, लालसिंग नाईकसुद्धा म्हणतो, आणि तू ऐकत नाहीस. तुझे शब्द त्यानं जसेच्या तसे सांगितले: "याडीला पुन्हा कचेरीत हसवून घ्यायला मी नेणार न्हाई." माझा कप तसाच भरलेला राहिला. आई तुझी, अपमान तिचा, आणि तो खरा कुणामुळे झाला हे तुम्हा दोघींनाही ठाऊक नाही.

थोडं मागून सांगतो. पंच्याऐंशीच्या जूनमध्ये मी तुमच्या तांड्यावरच्या शाळेत आलो तेव्हा शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि मी. पोरं गोळा करायला दारोदार हिंडलो. तुझ्या बापानं, धनसिंगनं, तुला शेळ्यांमागून हाक मारून आणलं. जन्मतारीख विचारली तर तो याडीकडे बघायला लागला आणि याडी आभाळाकडे. कुणाचं लेकरू ज्वारी हुरड्यात असताना झालेलं, कुणाचं बाजाराच्या दिवशी, वाटेतच. मी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांना एक जून देऊन टाकला. आपल्याकडे मास्तर लोक असंच करत आलेत. माझ्या मास्तरांनी मलाही एक जूनच दिला होता, त्यामुळे गेल्या वर्षी एकतीस मेला मी मुकाट्यानं निवृत्त झालो. तारखेचं एक वेळ सोड. सालही मीच ठरवलं. सात वर्षांच्या लेकराला पाच लिहिलं, आठाच्यालाही पाचच. उद्या पोरगं शिकेल, नोकरीच्या जाहिरातीत वयाची अट असेल, तेव्हा दोन-तीन वर्षं हाताशी राहतील, एवढाच हिशेब. मला वाटायचं, या लेकरांना द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही, दोन वर्षं तरी देतो.

पुढची पंधरा वर्षं मी शाळाही चालवली आणि भाषणंही केली. माझ्या वडिलांनी निजामाचं राज्य पाहिलेलं. त्या राज्यात फर्मान यायचं, मत मागायला कुणी यायचं नाही, हे ते जेवताना सांगायचे आणि आम्ही पोरं ताटावरचे हात थांबवून ऐकायचो. तेव्हापासून माझी श्रद्धा एकच. ज्या दारात पाच वर्षांतून एकदा हात जोडून यावं लागतं, त्या दाराशी सरकारला अदबीनं वागावं लागतं. आणि ज्या घरात यादीतलं नावच नाही, ते घर कुणालाच दिसत नाही. दोन हजार सालच्या फेब्रुवारीत हापश्याच्या कट्ट्यावर उभा राहून मी हे तासभर सांगितलं. तुला आठवत असेल. म्हातारी माणसं रडली. पोरं पेटली. भाषण संपलं आणि तू पुढं येऊन विचारलंस, भाषण झाक झालं गुरुजी, अर्ज किती आणलेत? मी पाच आणले होते. दुसऱ्या दिवशी तू जीपच्या टपाला लोंबकळत सेनगावला गेलीस आणि दोन गठ्ठे घेऊन आलीस. त्या दिवशीच मला कळलं की या कामात मी बोलायचा आणि तू करायची. मला त्याचा कमीपणा वाटला नाही, आनंदच वाटला.

पंधरा दिवसांनी त्यातले अठरा अर्ज परत आले. शाळेच्या उताऱ्याप्रमाणे अठरा पूर्ण नाहीत. मिशा फुटलेली पोरं, एकाचं तर लग्न झालेलं, आणि कागदावर साडेसतरा. मी काय केलं? तहसीलच्या फाटकासमोर उभा राहून अन्यायावर भाषण केलं. परतताना जीपमध्ये तू ते उतारे मांडीवर घेऊन एकेक बघत होतीस. तू मला विचारलंस, गुरुजी, अठरा जण एकाच दिवशी कसे जन्मले? मी हसलो आणि ड्रायव्हरला रस्त्याच्या खड्ड्यांवरून काहीतरी बोललो. मिना, तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंच होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. तांड्याची जागा बायकांसाठी राखीव निघाली. आजवर त्या जागेवर मोठ्या गावातल्या पुंजाजीच्या घरचंच माणूस बिनविरोध जायचं, तांड्याला कुणी विचारायचंही नाही. या वेळी त्याची भावजय होती. तू उभी राहतेस म्हटल्यावर तांड्यात जे झालं ते मी कुठल्या सभेत पाहिलेलं नाही. ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक आलेला, आणि लालसिंग नाईकानं त्याला सांगितलं, मतं टाकल्याबिगर ट्रक हलत न्हाई, तवर तू बी इथंच जेव. मुकादम आठ दिवस शिव्या देत तांड्यावर जेवला. पहिल्यांदा यादीत नाव लागलेली ती सगळी पोरं-पोरी दिवस मोजत थांबली होती.

छाननीच्या दिवशी पुंजाजीनं हरकत घेतली. उभं राहायला एकवीस लागतात, आणि शाळेच्या उताऱ्यावर तू एक जून ऐंशीची, म्हणजे साडेवीस. याडी पुढं झाली. ती साहेबांना काय म्हणाली ते सेनगावात कितीतरी दिवस लोक हसत हसत सांगत होते. मला ते पाठ आहे: "ज्या साली नायकाच्या हिरीला पाणी लागलं, त्याच साली दिवाळीनंतर मिना झाली. हीर खोटी हाय का सायब?" साहेब म्हणाले, विहिरीचा दाखला चालत नाही बाई, शाळेचा चालतो. सगळी कचेरी हसली. मग याडी म्हणाली, आमच्या गुरुजींना इचारा. आणि तू सांगितलंस की गुरुजी हिंगोलीला प्रशिक्षणाला गेलेत. तुझा अर्ज बाद झाला. नंतर तू मला धीर द्यायला म्हणायचीस की तुमी असते तर बोलले असते, गुरुजी. पाच वर्षांत तू हे वाक्य किती वेळा म्हणालीस ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी मी मान हलवली.

मी हिंगोलीला नव्हतो, मिना. मी तिथंच होतो. तहसीलसमोर रस्त्याच्या पलीकडे जे चहाचं हॉटेल आहे, त्याच्या आतल्या बाकावर बसलो होतो. पिशवीत फडक्यात बांधलेलं दाखल-खारीज रजिस्टर होतं. पंच्याऐंशी साली त्यातलं पान मीच भरलं होतं. ते साहेबांसमोर ठेवायचं आणि सांगायचं, ही तारीख अंदाजानं माझ्या हातची आहे, बाई खरं बोलते. एवढंच वाक्य. हजारो माणसांसमोर बोललेल्या माणसाला एक वाक्य बोलायचं होतं. पण पुंजाजी आदल्या दिवशी शाळेत येऊन गेला होता. उतारा त्यानं माझ्याच सहीनं नेला. नेताना अगदी मायेनं म्हणाला, "गुरुजी, तारीख तुमच्या हातची. ती खोटी म्हनाल तर रजिस्टर खोटं, अन् रजिस्टर खोटं निघालं तर नोकरी कशाची? चार सालं ऱ्हायली तुमची, निभावून न्या." तो गेला आणि मी प्रशिक्षणाची थाप ठरवली. तरी सकाळी पिशवी घेऊन निघालो. वाटलं, तिथं गेल्यावर धीर होईल. दोन चहा घेतले. समोरच्या दारातून तुम्ही दोघी बाहेर आलात. याडीनं पदर तोंडाशी धरला होता आणि तू तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलत होतीस. मी बाकावरून उठलो नाही. रस्ता म्हणशील तर वीस पावलांचा होता.

मतदानाचं तुला माहीतच आहे. तुझा अर्ज गेल्यावर पुंजाजीची भावजय बिनविरोध झाली. तरी तांड्यातली पोरं सकाळी धुतलेले कपडे घालून केंद्रावर गेली, कुणी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. शिपायानं सांगितलं, तुमच्या वॉर्डात मतदान न्हाई, घरी जा. त्या दिवशी दुपारी ट्रक निघाला. बसताना कुणी मला वाकडं बोललं नाही. एका पोरानं उलट नमस्कार केला. तो नमस्कार मला सोसला नाही, आणि त्यानंतर मी हापश्याच्या कट्ट्यावर कधी भाषण केलं नाही. तू समजलीस, गुरुजी आता थकले.

पण तू थकली नाहीस. लग्न होऊन ओढ्यापलीकडे गेलीस आणि तिकडचाही तांडा हाती घेतलास. ज्या पोरांचे अर्ज परत आले होते त्यांचे पुढच्या साली पुन्हा भरलेस. ऊसतोडीवरच्यांना कारखान्याच्या पत्त्यावर कार्डं टाकून यादीच्या तारखा कळवल्यास. गेल्या वर्षी ऑक्टोबरात विधानसभेला तुमच्या केंद्रावर बायकांची रांग पुरुषांच्या रांगेहून लांब होती, हे मी स्वतः पाहिलं. फक्त तुझी याडी, शकुंतलाबाई, रांगेत नव्हत्या. रणजीतला विचारलं, तर तो म्हणाला, याडीनं त्या दिवसापासून मतच टाकलं न्हाई. म्हनती, आपलं बोलनं खोटं धरत्यात तिथं आपलं बोट कशाला द्यायचं. मी आयुष्यभर माणसांना रांगेत आणायच्या गोष्टी केल्या आणि एका बाईला रांगेतून मीच काढलं.

परवा स्टँडवरून घरी न येता मी तसाच शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलो आणि लेखी दिलं, की त्या शाळेतल्या माझ्या काळातल्या सर्व जन्मतारखा अंदाजे असून वय मी जाणून कमी लिहिलं. बाबूनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, गुरुजी, हे द्यायची काय गरज, माझीही तारीख एक जूनच आहे. मी म्हटलं, मग तुम्हीच शिक्का मारा. पेन्शनचं काय व्हायचं ते होवो. घरी सांगितलं तर तुझ्या काकू एवढंच म्हणाल्या, हे पाच वर्षांपूर्वी केलं असतं तर मी तुम्हाला जास्त चांगलं जेवू घातलं असतं. काल पंचायत समितीत जाऊन जुन्या विहिरींची नोंद शोधून घेतली. लालसिंग नाईकाच्या विहिरीचं काम अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात, पाणी लागल्याच्या शेऱ्यासह, पुरं झालेलं आहे. नक्कल माझ्याजवळ आहे. याडीचं एक अक्षरही खोटं नव्हतं. तू त्या दिवशी बावीस पूर्ण केलेली होतीस.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. येत्या रविवारी सकाळी मी तुझ्या माहेरच्या तांड्यावर येतो आहे. लालसिंग नाईकाला निरोप धाडला आहे, माणसं गोळा करा म्हणून. पाच वर्षांपूर्वी जे वाक्य बोललो नाही, ते सगळ्यांच्या देखत शकुंतलाबाईंसमोर बोलणार आहे, आणि त्यापुढं एक शब्दही नाही. पण तुला ते गर्दीत पहिल्यांदा ऐकावं लागू नये. चार माणसांत आपल्याकडे गुरुजीवर रागावता येत नाही, डोळे खाली घालून गिळावं लागतं. म्हणून आधी कळवतो. हे वाच, हवं ते बोल, पत्र फाडून चुलीत घाल. रविवारपर्यंत सगळा राग तुझा, त्यात मी आडवा येणार नाही. माझं तोंड बघायचं नसेल तर रणजीतकडून सांग, मी याडीशी बोलून ओढ्याच्या अलीकडूनच परत फिरेन. मागणं एकच. सोमवारपासून अर्ज घ्यायला सुरुवात होते आणि आता तुझ्या वयावर बोट ठेवायला कुणाची छाती नाही. याडीला बरोबर घेऊन जा आणि अर्ज भर. मला माफ केल्याशिवाय भरायचा नाही असं मात्र ठरवू नकोस. रागानं केलेली सहीसुद्धा छाननीत चालते.

तुझाच, आणि त्या याद्यांतल्या प्रत्येकाचा देणेकरी,
शिवहार गुरुजी