चंद्रीचे डोळे

मंगळवार, दिवेलागण

चंद्री म्हैस कालपासून चारा खात नाई. म्हणून यांनी मोबाईलमधल्या एआयले गोंडपिपरीच्या जनावरांच्या डॉक्टरची वेळ घ्यायले सांगितलं. त्यानं आधी विचारलं, रवंथ करते का, डोळे कसे आहेत. यांनी धडाधड सांगितलं, "डोळे खोल गेले, पाणी गळून राह्यलं."

म्हशीच्या डोळ्यांत एवढं पाहतात हे? मी अंगात ताप घेऊन दारात उभी होती. माह्ये डोळे दोन दिवसांपासून लाल आहेत. म्हशीचा हेवा करायची लाज वाटते मले, पण काऊन नाई करू?

"उद्या सकाळची वेळ मिळाली," मोबाईल बोलला. "घरी आणखी कोणी आजारी आहे का?"

यांनी माह्याकडे पाहिलं.

"नाई," म्हणाले. "बाकी सगळे ठीक आहेत."