कंप्रेसर दोन, चालू

सोम., ९ फेब्रु.
रबाळ्याच्या कंपनीचा कंप्रेसर. गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग नि परवाचं माझं, दोन्ही जोडून एकच फाइल करायची. आवाज किती वाढला ते सलग दिसावं म्हणून. गेल्या वर्षीचं अभिजीतचं निघालं. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. दिवाळीपासून कोइम्बतूरला. हेडफोन लावले आणि कानात तोच, सातारी हेल काढून: "कंप्रेसर दोन, चालू." माइकवर आधी मशीनचं नाव सांगायची आमची पद्धत. पुढचं काही ऐकलंच नाही, परत परत मागे नेत बसले.

घरी आईचं टुमणं. कल्याणचे लोक रविवारी बघायला येतायत. "साडी इस्त्रीला टाक गं."

मंगळ., १०
घोळ. फाइल जोडून वाजवली तर अभिजीत झोपेत बोलल्यासारखा, जड, लांबलचक. मशीनही रेंगाळतंय. त्याच्या रेकॉर्डरचा रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपायचे तो, माझ्या दुप्पट होता, मी न बघताच जोडून मोकळी. सावंत सर मागेच उभे. "अरे, याला कोणी चहा पाजा!" सगळे हसले. मी पण. मग वॉशरूममध्ये जाऊन रडले. एवढ्याशा गोष्टीला.

गुरु., १२
रेट सारखा करून परत जोडली. नीट लागली. त्याचं "चालू", मशीन, आणि लगेच माझं "चालू". मधलं अख्खं वर्ष नाहीच. कोइम्बतूर नाही, कल्याण नाही. खूप आठवण येते त्याची. झालं, लिहून टाकलं एकदाचं.

सर म्हणतात, बोलणं कापा, क्लायंटला मशीन तेवढं द्या. त्याची मूळ फाइल आज शेवटपर्यंत ऐकली, जोडताना मशीनपुरतीच घेतली होती. शेवटी रेकॉर्डर बंद करायचा राहिलाय. मशीन थांबतं आणि हा चहावाल्याला: "दोन दे. एकात आलं जास्त टाक, आमच्या मॅडमचा घसा बसलाय."

मॅडम म्हणजे मी. आठवतो तो चहा. 'आमच्या' म्हणाला होता हे तेव्हा कानावर पडलंच नसावं. तेवढा तुकडा कापला नि माझ्या फोनमध्ये ठेवला.

शुक्र., १३
जेवणाच्या सुट्टीत फोन केला. निमित्त कामाचं: रेट किती ठेवला होतास? (मंगळवारीच सापडला होता. तरीही.)

"फाइलमध्येच असतोय की. बघत नाहीस व्हय गं?" हसला. मागे कसलं तरी मशीन धडधडत होतं. विचारूनच टाकलं, "रविवारी मला बघायला येतायत. तू कधी येतोयस?"



तो म्हणाला, "थांब, हितं काय ऐकायला येईना. बाहेर जाऊन लावतो."

कितपत ऐकलं, देव जाणे. सावंत सर आत्ता गेले, शेजारचं टेबल रिकामंच आहे. आईचे दोन मिस कॉल, साडीसाठी असणार; त्याचा अजून नाही. ऑफिसात माझा फोन कायम सायलेंटवर. आज आवाज पूर्ण वाढवून समोर ठेवलाय.