मी फक्त विचारलं

३१ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ९.२०
आजपासून ठरलं. माईकवर आवाज चढवायचा नाही. पेपर पूर्ण वाचल्याशिवाय त्यावर मत द्यायचं नाही. कॉफी दोनच कप. मिशिगनच्या या उत्तर टोकाला रोज सकाळी सात ते नऊ रेडिओवर अमेरिकेचं राजकारण, टीव्ही, सिनेमे, सगळ्याची चिरफाड करणारा माणूस एकच आहे. तो म्हणजे मी, रेनो लाहतेला. एकोणीस वर्षं झाली. जबाबदारी मोठी आहे.

कार्यक्रम संपल्यावर स्टेशन मॅनेजर डार्लीनने खोलीत बोलावलं. म्हणाली, मालक फ्लोरिडातून विचारतायत, सात ते नऊ नक्की ऐकतं कोण? मी म्हणालो, विचार करणारी माणसं. तर म्हणे, "ती एकशे दहा भरली, रेनो." थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत आकडा वाढला नाही तर डेट्रॉइटचा तयार कार्यक्रम लावणार. डार्लीन धमकी देत नाहीये, आव्हान देतेय. मला फरक कळतो.

१ नोव्हेंबर
आवाज चढला. पण विषयच तसा होता (टीव्हीवरच्या बातम्यांमागचं ढॅणढॅण संगीत). कॉफी पाच.

३ नोव्हेंबर
इंटरव्ह्यूसाठी सिनेटरच्या ऑफिसला चौथा फोन. तिथल्या बाईंनी माझ्या नावाचं स्पेलिंग विचारून घेतलं. स्पेलिंग उगाच कोणी विचारत नाही. उद्या नक्की येणार.

४ नोव्हेंबर
नाही आले. ऐनवेळी गुरांच्या डॉक्टरांना बसवलं. कुत्र्याच्या दातांपासून सुरुवात करून मी विषय शिताफीने अमेरिकन कुटुंबाच्या ऱ्हासापर्यंत नेला. डॉक्टर परत दातांवर आले.

५ नोव्हेंबर, शनिवार
नेहमीप्रमाणे संध्याकाळी आयलीकडे सौना, म्हणजे लाकडी खोलीत शेगडी पेटवून वाफेचं स्नान. आयली माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी अकराचा होतो. मला हिनेच वाढवलं. गेली बावीस वर्षं ती आमच्या वेस्ट आल्डर टाउनशिपची क्लार्क आहे. कुत्र्यांची लायसन्सं, दफनभूमीतल्या जागा आणि दर दोन वर्षांनी निवडणूक, सगळं तीच बघते. घाम काढून झाल्यावर तिने गरम पास्टी (मांस-बटाट्याची भाजलेली मोठी करंजी) वाढली. मी विचारलं, कार्यक्रम कसा वाटतो? म्हणाली, "ऐकते रे रोज. श्वास घ्यायला जरा थांबत जा."
जाणकार श्रोते असेच तांत्रिक बाजूवर बोलतात.

८ नोव्हेंबर, मंगळवार
मतदान. सकाळपासून बर्फ. मी छातीठोकपणे तीन भाकितं केली.

९ नोव्हेंबर
तिन्ही चुकली.

निकालावर बोलायला येणारे प्रोफेसर बर्फात अडकले. सात पंचविसाला माझ्याकडचं सगळं संपलं. पुढे एक तास पस्तीस मिनिटं. समोरच्या कागदावर काउंटीचे आकडे होते आणि त्यात एक रकाना रिकामा होता, तोच वाचला. म्हणालो, सगळ्या टाउनशिपचे आकडे आले, एका वेस्ट आल्डरचे नाहीत. का बरं? मी फक्त विचारतोय.

फोनच्या सहाच्या सहा लाइन पेटल्या! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. पहिला फोन बर्टिलचा, तो बर्फ उपसायची गाडी चालवतो. म्हणाला, वेस्ट आल्डरचा टेकडीचा रस्ता रात्रभर बंद आहे रे, आता मोकळा करतोय. मी त्याचे आभार मानून लगेच दुसरी लाइन घेतली. दुसऱ्याचा मुद्दा जास्त रंगतदार होता.

सव्वानऊला वेस्ट आल्डरची ४१२ मतं पोचली आणि तोवर पुढे असलेला काउंटी बोर्डाचा एक उमेदवार ३१ मतांनी पडला.

संध्याकाळी आयलीचा फोन. रस्ता बंद म्हणून सील केलेली मतपेटी मध्ये ठेवून एका बाजूला या पक्षाची बाई आणि दुसऱ्या बाजूला त्या पक्षाची बाई, अशा खुर्च्यांवर बसून झोपल्या म्हणे. ही दारापाशी. "मला विचारलं असतंस तर सांगितलं नसतं का?" मी म्हणालो, आयली, मी कुठे तुझं नाव घेतलं? ती म्हणाली, "टाउनशिपला क्लार्क किती असतात, रेनो?"
थकली होती बिचारी. उद्या पहिल्याच मिनिटाला खुलासा करायचा.

१० नोव्हेंबर
पहिल्या मिनिटाला हवामान असतं, ते टाळता येत नाही. नंतर लाइन पेटल्या त्या नऊपर्यंत विझल्याच नाहीत. लोकांच्या मनात इतकं साचलं होतं आणि मला कल्पनाही नव्हती. डार्लीनने स्वतः माझ्यासाठी डोनट आणला. खुलासा उद्या.

११ नोव्हेंबर
खुलासा केला. ८.५८ ला. दुसऱ्या वाक्यावर टायरच्या दुकानाची जाहिरात सुरू झाली. पण केला.

१२ नोव्हेंबर, शनिवार
आयली म्हणाली, आज सौना नको, पाइप गोठलाय. मी सहज तिच्या घरावरून गाडी नेली. सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. गोठलेला पाइप वितळवायला आधी शेगडी पेटवावी लागत असेल.

१४ नोव्हेंबर
देशभर ऐकल्या जाणाऱ्या एका कार्यक्रमातून फोन! निर्मातीचं नाव केंड्रा. म्हणाली, "पहिला आवाज तुम्ही उठवलात." बुधवारी माझा इंटरव्ह्यू, चार मिनिटं. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांना प्रश्न विचारले, आता मला विचारणार. नवा शर्ट काढून ठेवलाय. रेडिओवर दिसत नाही, माहीत आहे.

आनंदाची बातमी सांगायला आयलीला फोन लावला. तिचं वेगळंच. तीन दिवस घरासमोर एक पिकअप येऊन उभी राहते म्हणे. आत एक माणूस कॉफी पीत तिच्या दाराकडे बघत बसतो. मी म्हणालो, तो शिकारीचा सोबती शोधत असेल. म्हणाली, "काच खाली करून रेडिओ मोठ्याने लावतो. मी स्वयंपाकघरात असते आणि बाहेरून तुझा आवाज येतो."
सिग्नल तिच्या घरापर्यंत स्वच्छ पोचतो, इतकंच म्हणालो. तिने फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर
हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. अख्खा गाव जंगलात. दोनच फोन. पिकअपवालाही जंगलात गेला असेल. बरंच झालं.

उद्यासाठी कार्डावर लिहून काढलं: "रस्ता बंद होता. पेटी सीलबंद होती. क्लार्क माझी सख्खी बहीण आहे आणि तिच्याइतकी सरळ बाई मी पाहिली नाही." आरशासमोर म्हणून पाहिलं. बावीस सेकंद. चार मिनिटांत आरामात बसतं. देशभर एकदम खुलासा, हे माझ्या ८.५८ पेक्षा किती चांगलं!

१६ नोव्हेंबर, बुधवार. दुपार
झाला इंटरव्ह्यू. तीन मिनिटं दहा सेकंद.

रस्ता बंद होता, हे मी सांगितलं. त्यावर तिकडचा निवेदक म्हणाला, "म्हणजे तुम्हाला तसं सांगण्यात आलं!" मी हसलो. का हसलो, कुणास ठाऊक. मग त्याने विचारलं, "या क्लार्कबाईंना तुम्ही ओळखता?"
कार्ड हातात होतं.
मी म्हणालो, "गाव लहान आहे."

संध्याकाळ
टेप पुन्हा ऐकली. त्या वाक्यानंतर तो दोन सेकंद थांबलाय. मला वाटलं होतं त्याने मला बोलूच दिलं नाही. डार्लीनलाही तसंच सांगितलं होतं. दोन सेकंदांत 'बहीण' हा शब्द पाच वेळा म्हणता येतो. मोजून पाहिलं.

१८ नोव्हेंबर
आयलीने राजीनामा दिला, तीस तारखेपासून. मला डार्लीनकडून कळलं, डार्लीनला पोस्टात कळलं. सहासष्टाव्या वर्षी माणसाला विश्रांती हवीच असते. मीच तिला कितीदा तरी सांगणार होतो.
जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार
सौनाच्या वेळेला तिच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. तिने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. इतकी वर्षं त्या दाराला साखळी आहे हेच मला माहीत नव्हतं. फटीतूनच बोललो. म्हणालो, सोमवारी कार्यक्रमात ये. दोन तास तुझे. तू सांग, मी मध्ये बोलणार नाही. तू कोण ते मीच आधी सांगेन.
ती म्हणाली, "मध्ये न बोलणं तुला जमेल?"
मी म्हणालो, आयली, प्लीज. एवढं एकदा.
खूप वेळ बघत राहिली. लहानपणी ताप उतरलाय का ते अशीच बघायची. मग म्हणाली, "सातला येते. जा आता, थंडी आत येतेय."

२१ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.४०
आली. चर्चला जाताना घालते तो कोट, हातात फाइल, थर्मास.

मी सांगितलं. ही माझी बहीण. रस्ता बंद होता हे मला नऊ तारखेला सकाळीच कळलं होतं, आणि तरी मी पुढे बोलत राहिलो. आवाज फाटला, पण सांगितलं. मग तिने फाइल उघडून वाचलं: पेटीच्या सीलचा नंबर, दोन्ही बायकांची नावं, रस्ता उघडल्याची वेळ, ४१२. पाण्याच्या मीटरचं रीडिंग द्यावं तसं. अकरा मिनिटांत संपलं. मी म्हणालो, मंडळी, लाइन मोकळ्या आहेत, काय विचारायचं ते थेट आयलीला विचारा.

एकही लाइन पेटली नाही.

मी नंबर पुन्हा सांगितला. हवामान सांगितलं. फोनची वायर तपासली. पावणेआठला एक दिवा लागला. मी झडप घातली. एका आजोबांना कुत्र्याच्या लायसन्सची शेवटची तारीख हवी होती. आयलीने सांगितली, कुत्र्याचं नाव घेऊन त्याची तब्येतही विचारली. मग परत काही नाही. तिने थर्मासमधून कॉफी ओतली, अर्धी मला दिली. आम्ही बसून राहिलो. माझ्या कार्यक्रमात इतकी शांतता कधी झाली नव्हती.

आठ दहाला मला ते सहन होईना. टीव्हीवरच्या नव्या मालिकांबद्दल बोलायला लागलो. आवाज चढला. वळून पाहिलं तर ती कोटाची बटणं लावत होती.

२३ नोव्हेंबर
डार्लीनने दार लावून घेतलं तेव्हाच समजलो. मागच्या आठवड्यात ऐकणारे सहाशे चाळीस होते. सोमवारी पंच्याण्णव. अठ्ठावीसपासून डेट्रॉइट. म्हणाली, "सोमवारचा तुझा सगळ्यात चांगला कार्यक्रम होता रे." मग मी काय समजायचं? केंड्राला तीन फोन केले. उचलत नाही. कामात असणार.

२४ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग
एका माणसापुरती टर्की, मायक्रोवेव्हमधली. मध्ये थंडच होती. आयली पेटीपाशी झोपलेल्या त्या दोन बायकांपैकी एकीकडे जेवायला गेलीय. दुसरीही तिथेच आहे.

२८ नोव्हेंबर
सात ते नऊ डेट्रॉइटवाल्याला ऐकलं. चुका टिपून घ्यायला वही घेऊन बसलो होतो. श्वास घ्यायला थांबतो. बाकी काही टिपलं नाही.

३० नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ६
टाउनशिप हॉलवर गेलो होतो. बर्टिल सांगत होता, क्लार्कच्या जागेसाठी एकही अर्ज आला नाही. त्या पिकअपनंतर कोण करेल? ऐकल्या ऐकल्या मनाशी ठरवलं, मी करतो. सकाळ मोकळी आहे, या टाउनशिपमध्येच राहतो, आणि निवडणुकांवर एकोणीस वर्षं बोललोय.

काउंटरवर आयली. तिचा शेवटचा दिवस, खोक्यात कुंडी ठेवत होती. मी म्हणालो, अर्ज हवाय. तिने तोंडाकडे पाहिलं, ड्रॉवर उघडला, फॉर्म दिला. "शाईच्या पेनाने. खाडाखोड नको."

नाव, पत्ता, वय भराभर लिहिलं. शेवटी दोन रकाने: अर्जदाराच्या प्रामाणिकपणाची खात्री देतील अशा याच टाउनशिपमधल्या दोन व्यक्तींची नावं. पहिल्यात लिहिलं, आयली लाहतेला. फॉर्म तिच्यापुढे सरकवला. तिने वाचला, पेन उचललं आणि नावावर सरळ रेघ मारली. रागाने नाही. "नातेवाईक चालत नाहीत, रेनो. नियम आहे." दुसरा फॉर्म दिला.

परत नाव, पत्ता, वय. मग बसून राहिलो. डार्लीन दुसऱ्या टाउनशिपची. बर्टिलचा फोन मी कापला होता. पेटीपाशी बसलेल्या त्या दोन बायकांची नावं माहीत आहेत, पण त्यांना विचारायला जाणार कोण? पाचला तिने दिवा मालवला आणि हॉलच्या किल्ल्या माझ्यासमोरच काउंटरवर ठेवल्या, पण माझ्याकडे सरकवल्या नाहीत.

फॉर्म घरी आणलाय. खालचे दोन रकाने सोडून सगळा भरलाय. मुदत नऊ डिसेंबरपर्यंत आहे.