वहिनी उद्या भाजी करणार नाही

प्रिय दादा,

तुझ्याच घरात, तुझ्याच जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. दुपार आहे. वहिनी आत जरा पडली आहे आणि तुझा मंगेश माझ्यावर चिडून व्हरांड्यात फेऱ्या मारतो आहे. काल तुझं वर्षश्राद्ध झालं. उद्या संध्याकाळी पातूर रोडला, तुझ्या मित्राच्या, हमीदभाईंच्या शेतात, तुझ्या नावाने गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा आणि वांग्याच्या भाजीचा कार्यक्रम आहे. त्यात एक बदल झाला आहे. तुझी जुनी मंडळी कुरकुर करतील, त्याआधी तो मीच तुला सांगितलेला बरा.

उद्याची वांग्याची भाजी वहिनी करणार नाही. उद्या दुपारी ती बर्गर खायला जाणार आहे, आणि मी तिच्यासोबत जाणार आहे.

बसला ना धक्का? मलाही बसला होता. चार दिवसांपूर्वी मंगेशचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी अमरावतीला गॅसपाशी उभी होते. म्हणाला, "आत्या, तुम्ही अकोल्याला जा आणि आईले समजवा. ती ऐकून नाही राहिली." मला वाटलं, औषधाचं असेल, नाहीतर ती एकटी राहते त्याचं. निघालं हे! तुझी बायको दर बुधवारी रिक्षा करून त्या कंपनीच्या हॉटेलात जाते, एकटी बसते, बर्गर खाते आणि घरी येते. आणि तुझ्या मित्रांनी भाजीचं विचारलं, तर तिने नाही म्हटलं.

कंपनीचं हॉटेल हा तुझाच शब्द. नाव वेगळं असलं, पाटी वेगळी असली, तरी पिझ्झा, बर्गर, कॉफी सगळं तुझ्या लेखी कंपनीचं. "दिल्लीत तेच, दुबईत तेच, अकोल्यात तेच. मंग त्यात बनवणारा कुठी हाय?" असं तू विचारायचास. वकीलच तू.

तुझी जीभ खरी होती, ते मी नाकारत नाही. कोणत्या गाडीवरची कचोरी कोणत्या वेळेला खावी, अमरावतीत गिला वडा कोणाकडे, पाटोडीचा रस्सा कुठे जमतो, हे लोक तुला विचारून जायचे. लग्नात आचारी पातेल्यावरचं झाकण काढून आधी तुझ्याकडे बघायचा. तू पळीभर रस्सा तळहातावर घ्यायचास, डोळे मिटायचास आणि सगळा मांडव थांबायचा. मला त्याचा अभिमान होता. अजून आहे.

पण दादा, घरातही तेच व्हायचं, रोज. त्याचं कधी कोणी काही म्हटलं का?

वहिनी ताट ठेवायची आणि उभी राहायची. तू घास घ्यायचास. बहुतेक दिवशी म्हणायचास, "चांगली झाली." मग एक क्षण थांबून, "पण मांगच्या वेळची वेगळीच होती." चिडून नाही, अगदी प्रेमाने. पाहुण्यांसमोर तर कौतुकानेच, की बघा, किती बारकाईने खातो मी हिच्या हातचं. वहिनी मान हलवून आत जायची आणि मीठ कमी होतं का, तेल जास्त झालं का, ते आठवत बसायची. मागच्या वेळची म्हणजे नेमकी कधीची, हे तू तिला कधीच सांगितलं नाहीस.

सेमाडोहची सहल आठवते? आम्ही सगळे पहाटे जीपमधून वाघ पाहायला गेलो. वाघ दिसला नाही, ते सोड. परत आलो तर वहिनी तिथल्या एका घरच्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. कॅन्टीनची पोळी तुला रबरासारखी लागली होती म्हणून. जंगल कसं होतं, असं तिने मला विचारलं. मी सांगितलं, आणि तिने भाकर उलटली.

तर मी परवा एसटीने आले. मूर्तिजापूरपर्यंत मनाशी भाषण तयार केलं होतं, शाळेत मुलांपुढे करायचे तसं. वहिनीने दार उघडलं, चहा दिला आणि म्हणाली, "मंग्यानं पाठवलं न तुले? चाल, तुले दाखवते." भाषण राहिलं. रिक्षात बसलो.

आत गार होतं, उजेड भरपूर, आणि कोणी आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तुला आठवत असेल, आपल्या तरुणपणी बाईमाणसाला हॉटेलात नेलं की पडद्यामागच्या फॅमिली रूममध्ये बसवत. बरोबर पुरुष नसेल तर वेटर दुसऱ्यांदा फिरकायचा नाही. इथे वहिनी सरळ गेली आणि पर्स पोटाशी धरून त्या चित्रांच्या पाटीसमोर उभी राहिली. टोपीवाली मुलगी म्हणाली, "काकू, नेहमीचं?" वहिनी म्हणाली, "थांब, पाहू दे." आणि पाहत राहिली. एकेक चित्र. मागे कॉलेजची पोरं खोळंबली होती. मी घड्याळाकडे बघणारी बाई, तुला माहीत आहे. पण तिचा चेहरा बघितला आणि मनगट पदराखाली घेतलं.

तुझ्यासोबत ती शेकडो वेळा बाहेर जेवली असेल. एकदा तरी मेन्यूकार्ड तिच्या हातात गेलं का रे? तू ते उघडायचास, वाचायचासही नाहीस, आणि सगळ्यांचं मिळून सांगून टाकायचास. तुझी निवड चुकायची नाही, म्हणून आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिने बर्गर घेतला, बटाट्याचे ते लांब तुकडे घेतले. मीही तेच घेतलं. मला विचारशील तर मला आवडलं नाही. पाव गोड, टिक्की कोमट, आणि सॉसचीच चव सगळीकडे. तुझं म्हणणं चवीपुरतं बरोबर होतं, हे लिहून देते. पण मी वहिनीला विचारलं, तुझ्या हाताला अशी चव असताना हे काय खातेस तू?

तिने कागदाने बोटं पुसली. म्हणाली, "दर खेपेले तेच येते. जसं मांगच्या बुधवारी होतं, तसंच आज. मांगच्या वेळी बरं झालं होतं, असं म्हणणारं इथं कोणी नाही. मी बी नाही म्हणत."

मग शांतपणे खात राहिली. दादा, तू ज्याला नावं ठेवत होतास, ती एकसारखी चव तिच्यासाठी सुट्टी आहे. ते मला खोडून काढता आलं नाही. तुला आलं असतं का?

नंतर तिने कुत्र्याची गोष्ट काढली.

तुझी आवडती गोष्ट. मंगेशची सई लहान होती, तिचा वाढदिवस तिच्या हट्टाने याच हॉटेलात केला. तू आलास, हाताची घडी घालून बसलास, फक्त पाणी प्यालास. तू उठलास म्हणून सगळे उठले. वहिनीचा बर्गर अर्धाच झाला होता. तिने तो कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. गाडीत तुला वास आला. तू पुडकं मागून घेतलंस, काच खाली केलीस आणि रस्त्याकडेच्या कुत्र्यापुढे टाकलंस. घरी येऊन पिठलं-भाकर करायला लावलंस. आणि पुढे कितीतरी वर्षं, प्रत्येक पंगतीत सांगितलंस, "कुत्र्यानंही हुंगलं आन् सोडून देल्लं!" आम्ही पोट धरून हसायचो. वहिनीही हसायची, मी पाहिलं आहे.

परवा ती म्हणाली, "खाल्लं ना त्यानं."

मी म्हटलं, कोणी?

"कुत्र्यानं. मी मांगच्या काचातून पाहून राहिली होती. पुरं खाल्लं. कागदही चाटला."

मी विचारलं, मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?

"काहून बोलू? त्यायले किती मजा यायची सांगताना." आणि ती हसली, खरंखुरं. मग म्हणाली, "मले फक्त तो अर्धा राहिला होता, त्याचं वाईट वाटे. वकीलसाहेब असते तं मी आलीच नसती इथं. मनातही नसतं आलं. पण आता ते नाहीत न, कुसुम. बुधवार कसा काढू?"

बुधवार तुझा बाजाराचा दिवस. सकाळी पिशवी घेऊन जायचास आणि वांगी एकेक दाबून आणायचास. त्या दिवशी तिला घर खायला उठतं, दादा, आणि उद्याही बुधवारच आहे. ती तुझ्यावर रागावून तिथे जात नाही, हे तू नीट ऐकून घे. तिला तू नसल्याचं जेवढं दुःख आहे, तेवढं आम्हा कोणालाच नाही. कालचा श्राद्धाचा स्वयंपाक तिने एकटीने केला, कोणाला हात लावू दिला नाही. पण उद्याची भाजी वेगळी. सगळे तुझे मित्र, एकाहून एक जिभेचे. पहिला घास घेऊन ते काय म्हणणार, ते तुला सांगायला नको. वकीलसाहेबांच्या वेळची वेगळीच होती. ते ऐकायला ती आता उभी राहणार नाही, आणि मी तिला उभी राहू देणार नाही.

मंगेश आज सकाळी माझ्याशी वाद घालत होता. लोक काय म्हणतील, बाबांना ज्याची चीड होती तिथेच आई जाते, तेही वर्षश्राद्धाला दोन दिवस होतात न होतात तोच. शेवटी म्हणाला, "जायचंच असेल तर चांगल्या ठिकाणी तरी जावं तिने. तिथं कॉलेजची पोट्टी जातात." मी त्याला विचारलं, पुण्यात तू रोज सकाळी लॅपटॉप घेऊन कॉफी प्यायला जातोस ते काय तुझ्या मामाचं घर आहे? तीही कंपनीच. तुझी कंपनी महाग, म्हणून ती चांगली का? मग हळू आवाजात म्हणाला, बाबांना काय वाटलं असतं? तोही रडवेला झाला होता. तुझाच मुलगा आहे, त्याला वाटतं ती भाजी झाली म्हणजे तू थोडा परत येशील. मी त्याला म्हटलं, बाबांना काय वाटलं असतं ते मी त्यांना विचारते. म्हणून हे पत्र.

आता मी तुला विचारते.

मी मॅट्रिक झाले तेव्हा अप्पा म्हणाले होते, पुढे शिकायचंच तर इथेच शिवणक्लास लावा. मला अमरावतीला जायचं होतं, इतिहास घ्यायचा होता. तू नुकता वकिलीला लागला होतास. याच घरात, अप्पांसमोर पहिल्यांदा आवाज चढवून तू म्हणालास, "तिले काय पाहिजे ते तिले ठरवू द्या न, अप्पा. आपण काहून ठरवून राहिलो?" आणि मला होस्टेलवर पोचवून आलास. दर महिन्याला डबा घेऊन यायचास, तोही वहिनीच्या हातचा, तेव्हा तुमचं नवीनच लग्न झालं होतं. माझी नोकरी, माझा ताठ कणा, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे.

तेच वाक्य तू तिच्यासाठी एकदा तरी म्हणायला हवं होतंस. एवढंच माझं तुझ्याशी भांडण आहे. तू म्हणाला नाहीस, म्हणून आज मी म्हटलं. मंगेशसमोर, तुझ्याच शब्दांत, अप्पांसमोर चढला होता तेवढ्याच आवाजात.

मग हमीदभाईंना फोन लावला. ते शेतात गोवऱ्या रचून घेत होते. भाभी भाजी करणार नाहीत म्हटल्यावर आधी त्यांनी गोवऱ्या रचणाऱ्याला थांबवलं. मग म्हणाले, "बहनजी, भाभीको बोलो आराम करे. भाजी मैं खुद बनाऊंगा. बिघडली तं बिघडली. नावं ठेवनेवाला तो चला गया ना." आणि फोन ठेवला.

वहिनीला सांगितलं, तर विचार करून म्हणाली, मग मी येते संध्याकाळी. पण भरल्या पोटाने येईन, आणि चव पाहायला मला कोणी बोलवायचं नाही.

तर दादा, हे तुला माझं वचन. उद्या दुपारी ती बर्गर घेईल, अख्खा, आणि तो संपेपर्यंत मी घड्याळ पाहणार नाही. संध्याकाळी ती तुझ्या मित्रांमध्ये सतरंजीवर बसेल, आणि तिला वाढलं जाईल. जेवणं झाली की कोणीतरी तुझी कुत्र्याची गोष्ट काढणारच. सगळे हसतील, मीही हसेन. मग मी वहिनीकडे बघेन. तिला बोलायचं नसेल तर गोष्ट तुझी तशी राहील. पण तिने तोंड उघडलं, तर कागद चाटेपर्यंतची पुढची सगळी गोष्ट ती सांगेल, आणि ती संपेपर्यंत मी कोणालाही मध्ये बोलू देणार नाही. तुलासुद्धा.

तुझीच,
जिला तू ठरवू दिलंस, ती
कुसुम