अक्षदाची वीत

प्रिय सुनील,

तू म्हणशील, ताईला हे पत्राचं काय नवीन खूळ! फोन केला की तू ‘हां ताई, हां ताई’ करून मोकळा होतोस. शिवाय आईकडून बोललं की आबा कान टवकारतात. म्हणून लिहितेय. समीक्षालाही वाचून दाखव, तिचीही पोर आहे.

तुमची अक्षदा मजेत आहे. आपल्या आईच्या हातची नाचणीची भाकरी खाते, माझ्या अंगणवाडीत मातीत लोळते आणि घरी जाऊन आबांनाच शिकवते. आबांचं माझ्याशी रोजचं भांडण ठरलेलं, ‘तुझ्या अंगणवाडीत पोरं नुसती खेळतात गो, शिकत काय नाय.’ चिंचोक्यांचे ढीग करणं, मापट्यानं तांदूळ मोजणं, मातीची चूल मांडणं, हेच शिकणं असतं, असं मी घसा कोरडा करून सांगते. पण पाटीवर अक्षर दिसलं नाही की माणसांना काही पटत नाही. खालच्या वाडीतली पोरं इंग्रजी नर्सरीच्या गाडीतून पोलादपूरला जातात, बाकावर बसून एबीसीडी गिरवतात. त्यांच्या आयांचा तोरा बघवत नाही बाबा.

शाळा सुरू झाल्यावर मी पोरांना मोजमाप दिलं. फूटपट्टी नाही, आपापली वीत. दार किती विती, फळा किती विती, गणूचं पोट किती विती. हसून हसून लोळली सगळी. अक्षदाला तर नादच लागला. आजीचं लुगडं, गोठ्यातली गव्हाण, काही म्हणून सोडलं नाही. मग एक दिवस येऊन मला म्हणाली, आत्या, गोठ्याच्या मागं जमीन फाटली हाय, माझा हात कोपरापर्यंत आत जातो.

आधी मी तिला एक धपाटा घातला, साप-विंचवाच्या भीतीनं. मग बघायला गेले. गोठ्याच्या वरच्या अंगाला, फणसाच्या पलीकडे, आडवी भेग गेली आहे. तिला तिकडे जायची बंदी केली, पण पोर कसलं ऐकतंय! पावसाची झड लागली, आणि चारेक दिवसांनी ती पुन्हा आली. आता खांद्यापर्यंत जातो, म्हणाली. मोठ्या अभिमानानं म्हणाली रे. तिला वाटलं मी शाबासकी देईन. तिला घरात बसवून मी तशीच निघाले.

सरपंचांकडे गेले, तलाठ्यांकडे गेले. पाहणी होईल, म्हणाले. भेग वाढली हे कशावरून, असं त्यांनी विचारलं, तेव्हा खरं ते सांगितलं, तर हसले. अंगणवाडीतल्या पोरीनं हात घालून मोजलं म्हणे! आबांना तर सांगायची सोयच नाही. ‘तळीये गाव दरडीखाली गेलं तवापासून दर पावसात तुझं हेच हाय. गुरं टाकून मी कुठं जाऊ? नाय जात.’ आई त्यांच्यामागे. माझं घरही त्याच उताराखाली, पोरीला घेऊन मी जाऊ तरी कुठं? अंगणवाडीत ती रोज वाळूचं घर करते, आजोबा-आजीच्या बाहुल्या आत ठेवते, वरून वाळू लोटते आणि मग दोन्ही हातांनी उकरत बसते. मी तिला थांबवत नाही. काय सांगून थांबवू?

तर हे पत्र एवढ्यासाठी. आम्हाला हलवायच्या भानगडीत तू पडू नकोस, ते करून मी थकले. तू फक्त पोरीला घेऊन जा. मिळेल त्या एसटीनं ये. खोली लहान आहे, दोघंही कामावर जाता, सगळं मला ठाऊक आहे. शेजारणीकडे ठेव, काहीही कर. आबांपुढे भेगेचं नाव काढू नकोस, काढलंस तर हट्टानं तिला सोडणार नाहीत. त्यांना सांग, मुंबईत इंग्रजी नर्सरीत नाव घातलंय, तिथं खेळबिळ काही नाही, पहिल्या दिवसापासून लिहायला बसवतात. एवढं ऐकलं की ते स्वतः तिची पिशवी भरतील. मीही मान डोलवीन, म्हणेन, माझ्याकडे राहून पोरीचं नुकसानच होत होतं. पुढं आबा आठवण काढतील, फोनवर रडतील, पण पाऊस सरेपर्यंत तिला इकडे आणू नकोस. मी बोलावलं तरी आणू नकोस.

तुझीच,
शर्मिलाताई