बारकीच्या गाड्याचा दांडा

अहो,

आज सकाळी बारकी उभारली. कपाटाला धरून, आपली आपण. गौरी आणि ओमनं टाळ्या वाजवल्या आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

कळंब्याच्या या घरात रविवारी तुमचा आणि पोरांचा कारखाना चालायचा. भोवरे, बैलगाड्या, भातुकलीचं पोळपाट-लाटणं. आठवडाभर हुपरीत पैंजणं घडवून डोळे चुरचुरायचे, तरी रविवारी रंधा हातात. ओम पॉलिश पेपर घासायचा, गौरी चाकांना भोकं पाडायची, आणि घरभर भुसा केला म्हणून मी ओरडायचे. आता फरशी स्वच्छ असते. बघवत नाही मला ती.

बारकीचा पांगुळगाडा शेवटचा. तिन्ही चाकं बसली, पण धरायचा दांडा तुम्ही सुटाच ठेवलात. दोघा थोरल्यांच्या वेळीही तसंच केलं होतंत. "उभारू दे तिला. छातीला येईल तिथं बसवू. घाई काय हाय?"

घाई काय हाय! छातीत दुखतंय ते लपवलंत, विचारलं तर पित्त म्हणालात, आणि हुपरीहून येताना एसटीतच गेलात. मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? राग येतो हो तुमचा, अजून येतो.

तुमच्या आईंनी गाडा माळ्यावर टाकला होता. आज गौरीनं तो खाली काढला, तर म्हणाल्या, "गेलेल्याचं अर्धं काम लेकराच्या हातात देऊ नगं." मलाही तो जोडायला नकोच होता. अपशकुनाचं काही नाही. दांडा सुटा होता तोवर तुमचं एक काम बाकी होतं, आणि काम टाकून गेलेला माणूस परत येईल असं मला उगाच वाटायचं.

गौरी मात्र हटेना. "आई, पप्पांनीच सांगितलंय की. बारकी उभारली की दांडा बसवायचा."

मग मी बारकीला गाड्यापाशी उभं धरलं. ओमनं तिच्या छातीच्या उंचीला पेन्सिलीनं खूण केली. गौरीनं भोकं पाडली, दांडा घातला, पाचर ठोकली. तुमच्या आई दारातून बघत होत्या. शेवटी त्याच पुढं आल्या आणि बारकीचे हात त्यांनी दांड्यावर ठेवले.

चालली हो! करकर करत भिंतीपर्यंत गेली. आता या घरात तुमचं काहीच अर्धं राहिलेलं नाही.

तिला तुमचा चेहरा आठवणार नाही. पण शब्द देते, चालायला कुणी शिकवलं असं तिला कुणी विचारलं, तर ती तुमचंच नाव सांगेल.

तुमचीच,
अश्विनी